दगडी कुंड आणि बिननावाचं पोर

ज्या बाईने आमच्या चर्चमधलं कुंड उचलून न्यायचं ठरवलं, तिने आमच्याच अंगणात बसून माझ्या सासूच्या हातचं जेवण केलं होतं. दही घातलेला बुलगुर, द्राक्षाच्या पानांत गुंडाळलेला भात, वर ताज्या पाकात घोळवलेले बदाम. बोटं चाटली होती तिने. हे मी आधीच सांगते, कारण पुढचं ऐकताना लोक मला म्हणतात, फब्रो, जरा सबुरीने घे, ती बाई काही वाईट नव्हती. नसेल. वाईट माणसाला निदान दारात अडवता येतं.

तेव्हा द्राक्षांची तोडणी चालू होती आणि गावात आम्ही दोघीच होतो, मी आणि यादे, म्हणजे माझी सासू. बाकी सगळं गाव मळ्यांत. आमच्याकडे तोडणी म्हणजे सकाळी जाऊन संध्याकाळी परतणं नव्हे. माणसं, गाढवं, कढया, अंथरुणं, सगळं डोंगरापलीकडे जातं आणि रस कढवून पाक होईपर्यंत तिथेच राहतं. चर्चही जातं. म्हणजे भिंती जागेवर राहतात, पण खालचे गालिचे, वेदीपुढचा पडदा, ग्रंथ, दिवा, धुपाटणं, सगळं गाढवांवर चढवून नेतात, आणि आमचे पुरोहित, अबुना, तिथल्या ओकच्या झाडाखाली प्रार्थना घेतात. माणसं गेली की संतालाही रिकाम्या गावात करमत नाही, अशी इथली समजूत. मागे राहतं ते फक्त कुंड. अखंड दगडाचं आहे, ते उचलणं कुणाच्या बापाला जमलेलं नाही. गावातलं झाडून प्रत्येक पोर बाप्तिस्म्याला त्यात बुडवून काढलेलं आहे. मी नाही, कारण मी पलीकडच्या गावची. पण माझा नवरा अदाय, त्याचा बाप, त्या बापाचा बाप, सगळे त्यातलेच.

माझ्या पोराचा बाप्तिस्मा मात्र अजून व्हायचा होता. आठव्याच महिन्यात आलेलं, मूठभर. शहरातल्या दवाखान्यातून आणलं तेव्हा त्याचे पाय माझ्या अंगठ्याएवढे होते. बाप्तिस्मा होईपर्यंत आमच्यात पोराला नावाने हाक मारत नाहीत. नाव ठरलेलं असतं, सगळ्यांना ठाऊकही असतं, पण तोंडातून काढायचं नाही. तोवर ते नुसतं ‘पाहुणा’. पाहुणा झोपला का, पाहुण्याने दूध ओढलं का. यादेने त्याच्या उशाखाली कात्री ठेवली होती. मी शहरात राहून भूगोल शिकले आहे, कात्रीने ताप अडत नाही हे मला कळतं. पण मी ती काढली नाही. उलट दर वेळी त्याला कुशीत घेतलं की आधी हात घालून बघायचे, आहे ना जागेवर. ज्याला अजून नावसुद्धा नाही, त्याला काही झालं तर कुणाला हाक मारायची, हा एकच विचार माझ्या डोक्यात घिरट्या घालत असे. त्याचा श्वास जरा लांबला की मी उठून बसायची.

आयला हानम, म्हणजे सरकारी भाषेत आयलाबाई, आली ती अशा दिवसांत. शहरात नवं संग्रहालय उभं राहत होतं आणि ती तिथली अधिकारी होती, पण हे आम्हाला नंतर कळलं. तेव्हा एवढंच दिसलं की एक नीटनेटकी बाई मोजणीवाल्यांना घेऊन चर्चमध्ये शिरली, बाहेर आली, पुन्हा शिरली. मी खिडकीतून बघत होते. बाळंतिणीला दुसरं काम काय असतं. त्यांनी टेप लावली, फोटो काढले. कुंडाचे तर चहूबाजूंनी.

“यादे, विचार ना त्यांना, काय मोजतायत.”

“आधी जेवू देत.”

“जेवले की विचारशील?”

“पाहुण्याला कामाचं विचारतात का गं? त्याला सांगायचं असेल तेव्हा तो सांगेल. कॉलेजात हेच शिकवलं वाटतं.”

ही आमची रीत. दारी आलेल्याला ‘का आलास’ म्हणणं म्हणजे ‘जा’ म्हणणं. तेव्हा यादेने वाढलं, त्यांनी खाल्लं. बाईने यादेचे हात हातात घेऊन आभार मानले आणि गेली. आपण होऊन काहीच बोलली नाही. का? तर तिला वाटलं, इथे कुणी विचारतच नाही, म्हणजे कुणाला काही पडलेलीच नाही. आम्ही आमचा शिष्टाचार जपला आणि तिने तिचा निष्कर्ष काढला.

तोडणी संपली, माणसं परतली. गालिचे धुऊन गच्च्यांवर वाळत पडले, पडदा एका घरी शिवायला गेला, कारण मळ्यात तो दरवर्षी कुठेतरी फाटतोच. बाप्तिस्मा रविवारी ठरला. त्याच दिवशी माझ्या बाळंतपणाचे चाळीस दिवस भरत होते. त्याआधी बाळंतिणीने चर्चचा उंबरा ओलांडायचा नसतो. अदायचा थोरला भाऊ धर्मपिता म्हणून उभा राहायला जर्मनीहून येणार होता.

आणि शुक्रवारी सकाळी ट्रक आला. पहारी, लाकडी चौकट, दोरखंड, माणसं. पुढच्या गाडीतून आयला हानम उतरली, चॉकलेटचा डबा घेऊन. आमच्या यादेसाठी आणला होता, आठवणीने. या वेळी ती आपण होऊन बोलली, कारण आता सांगण्यासारखं झालं होतं.

“तुमच्या गावाचा मान आहे हा,” ती म्हणाली. “नव्या दालनात अगदी मध्यभागी ठेवणार आहोत आम्ही ते.”

“काय ठेवणार?” मी विचारलं.

“कुंड. हे बघा.” आणि तिने माझ्या हातात एक गुळगुळीत माहितीपत्रक दिलं.

दालनाचं नाव होतं ‘चौरस्त्याची माणसं’. इथून पूर्वेचे रस्ते जातात आणि पश्चिमेचेही, म्हणून इथे कोण कोण येऊन राहिलं ते सगळं ओळीने दाखवलं होतं. हुरी, असिरी, अरामी, इराणी, रोमन. प्रत्येकाचा एकेक मातीचा पुतळा, हातात काही ना काही. अरामी पुतळ्याच्या हातात द्राक्षाचा घड होता. खाली छापलं होतं की अरामी लोकांनी या प्रदेशाला लिपी दिली, इथल्या उतारांवर द्राक्षमळे रुजवले आणि पुढे काळाच्या ओघात ते दिसेनासे झाले.

मी ते वाचलं आणि यादेकडे पाणी मागितलं. ज्या भाषेत मागितलं ती त्याच दिसेनाशा झालेल्या लोकांची. यादेने पाणी दिलं आणि त्याच भाषेत विचारलं, “काय म्हणते गं ही?”

“म्हणते, आपण नाही आहोत.”

“मग माझ्या घरी जेवायला कशी आली?”

“फेब्रोनिया हानम,” आयला मला म्हणाली, “गैरसमज करून घेऊ नका. आम्ही पाहणी केली तेव्हा चर्च बंद पडलेलं होतं. गालिचा नाही, पडदा नाही, दिवा नाही. गावात दोन बायका फक्त.”

“त्यातल्या एकीने तुम्हाला जेवायला घातलं. दुसरी मी.”

“पण कुणी काही सांगितलं नाही.”

“तुम्ही विचारलंत? ‘इथे प्रार्थना होते का’, एवढंच विचारायचं होतं. तोंडात घास होता म्हणून राहिलं का?”

यादेने मला चिमटा काढला. पाहुणीशी असं बोलत नाहीत. तेवढ्यात गावचे मुख्तार गेव्रीये, आम्हा सगळ्यांचे अम्मो म्हणजे काका, धापा टाकत आले. गावचा शिक्का त्यांच्याकडे असतो. त्यांनी कागद वाचला, चष्मा काढला, पुसला, पुन्हा वाचला, आणि मग म्हणाले, “बसा ना, चहा घ्या.”

मला इतका संताप आला की बाळ दचकून रडायला लागलं. मी तर ओरडलेही नव्हते. अंगातूनच त्याला कळलं असावं.

“अम्मो,” मी त्यांना बाजूला घेऊन म्हटलं, “चहा कसला पाजताय? ते कुंड नेतायत.”

“कागद वरून आलाय, पोरी. आपण अर्ज करू. रीतसर.”

“अर्जाचं उत्तर येईपर्यंत ते काचेत बसेल.”

“आरडाओरडा केला की काय होतं ते आपण बघितलेलं आहे. माझ्या डोळ्यांनी बघितलंय मी. निम्मं गाव स्वीडनला का गेलं, माहीत आहे ना? तू तेव्हा जन्मलीही नव्हतीस.”

हे खरं होतं, म्हणूनच त्याचा जास्त राग आला. मी अबुनांना फोन लावला. चार गावांना मिळून ते एकटेच आहेत.

“अबुना, आज या. आत्ता.”

“आज कसा येऊ? रविवारी ठरलंय ना आपलं?”

“रविवारी कुंड नसेल.” आणि मी सगळं सांगितलं.

ते म्हणाले, “गेव्रीये काय करतोय?”

“चहा पाजतोय.”

“भांडू नको, फब्रो. या मातीत आपण टिकलो ते गप्प राहून.”

“गप्प राहून किती टिकलो ते त्यांनी छापलंय, अबुना. चित्रासकट. वाचून दाखवू?”

त्यांनी फोन ठेवला. येतो म्हणाले नाहीत, नाही येत असंही म्हणाले नाहीत.

चर्चच्या दाराशी पहारी उतरवल्याचा आवाज आला. मी पाळण्यातून बाळ उचललं, दुलई काखेत मारली आणि निघाले. उंबऱ्याशी पाय अडला, खोटं कशाला बोलू. चाळीस दिवस भरले नव्हते. मला शिकवलेलं होतं, माझ्या आईने, तिच्या आईने. शिकलेली बाई असल्या गोष्टींतून मोकळी असते असं ज्यांना वाटतं त्यांनी एकदा तान्हं पोर घेऊन अशा उंबऱ्यावर उभं राहून बघावं. याचं काही वाईट झालं तर आयुष्यभर मी हाच पाय आठवणार होते. तरी टाकला.

आतली जमीन उघडी, थंड. कुंडाभोवती माणसं चौकट बसवत होती. मी वाट काढली, दुलई कुंडात पसरली आणि पाहुण्याला त्यात निजवलं. तो रडला, आणि दगडाने त्याचा आवाज असा मोठा केला की कामगार दोन पावलं मागे सरले.

त्यांचा मुकादम रमो, शेजारच्या कुर्द गावचा. मोठ्या मिशांचा माणूस. त्याने कुंडात डोकावून पाहिलं, माझ्याकडे पाहिलं.

“किती दिवसांचं?”

“चाळीस व्हायचेत.”

“आणि तू घराबाहेर? माझ्या आईने बघितलं असतं तर तुला झोडपलं असतं.”

“बोलाव तिला. मग तुलाही झोडपेल, पोराखालचा दगड काढतोस म्हणून.”

रमोने पहार भिंतीला टेकवली. आयला हानम आत आली तेव्हा तो तिला म्हणाला, “बाई, मी दगड उचलतो. पोर उचलायला मला कुणी सांगितलेलं नाही. तुमचं मिटलं की हाक मारा.” आणि आपली माणसं घेऊन तो बाहेर सावलीत जाऊन बसला.

आयला माझ्यासमोर उकिडवी बसली. तिचे डोळे पाणावले होते, आणि त्याचाही मला राग आला. रडायचं ते आम्ही, तेही काम तिनेच उरकून टाकलं.

“तुम्ही शिकलेल्या आहात. समजून घ्या,” ती म्हणाली. “हे छप्पर बघा, गळतंय. हा दगड दीड हजार वर्षांचा आहे. उद्या तुळई पडली त्यावर, तर? तिथे आम्ही त्याला काचेत जपून ठेवू.”

“काचेत पोर कसं बुडवायचं?”

तिने वर छपराकडे पाहिलं.

“छप्पर गळतंय तर छप्पर नीट करा. दुरुस्तीची परवानगी मागून अम्मोंची दाढी पिकली. गळक्या छपराखालून तुम्हाला नेमका दगडच न्यावासा वाटला.”

“ते खातं वेगळं आहे.”

“आम्हाला दिसेनासं करणारं खातं कुठलं तेही सांगून ठेवा. पुढच्या वेळी तिथेच अर्ज करू.”

बाळाचं रडणं एकदम थांबलं. मी वाकून त्याच्या नाकाशी गाल नेला. श्वास होता. पण हात गार पडले होते, नखं निळसर वाटत होती, का मला वाटत होती कोण जाणे. आपण काय करून बसलो, असं क्षणभर वाटून गेलं. एका दगडासाठी. उचलावं आणि चुलीपाशी पळावं. मी त्याच्या पाठीखाली हात घातलासुद्धा होता.

तेवढ्यात दारात यादे उभी राहिली. मागे अदाय, मान खाली घालून. यादेच्या डोक्यावर गुंडाळी केलेला गालिचा होता, अर्धा ओला, तिच्या मानेवरून पाणी ओघळत होतं. सगळ्यांना वाटलं, आता ही मला फरपटत बाहेर काढणार. मलाही वाटलं.

“चाळीस भरायच्या आत आत आलीस,” ती म्हणाली. “हे तुझ्या माथी.”

“माझ्या माथी.”

“मग पोराखाली नीट जाड काही घाल. दगड गार असतो, एवढी अक्कल नाही?” आणि अंगावरची लोकरीची शाल तिने माझ्याकडे फेकली. मग गालिचा डोक्यावरून उतरवला, वेदीसमोर आपटला आणि उलगडला. ओल्या लोकरीचा वास सगळीकडे पसरला. अदायला म्हणाली, “बघतोस काय? गच्चीवर अजून आहेत.”

मग बाया आल्या. कुणी गालिचा घेऊन, कुणी दिवा, कुणी अर्धवट शिवलेला पडदा, त्यात सुई तशीच टोचलेली. सगळ्यांत शेवटी अम्मो गेव्रीये आले. दाराशीच घुटमळले.

“गेव्रीये,” यादेने हाक दिली, “तिकडे चहा ओतून झाला असेल तर इकडे जरा हात मोकळे कर. पोराला धर्मपिता लागेल. माझा लेक अजून विमानात पण बसला नाही.”

“मी? अगं, मी मुख्तार आहे. मी या भानगडीत...”

“म्हणूनच. उद्या दगड नेला तर तुझ्या धर्मपुत्राचा नेला असं होईल. मग बघू किती चहा पाजतोस.”

बायका हसल्या. अम्मो लाल झाले, पण आत आले, आणि बूट काढले.

अबुना आले ते कुणाच्या तरी ट्रॅक्टरवर बसून, झग्यावर धूळ, चेहरा आंबट. त्यांनी ट्रककडे पाहिलं, रमोच्या माणसांकडे पाहिलं, आत येऊन माझ्याकडे पाहिलं.

“तुझे दिवस भरलेत?”

“नाही, अबुना.”

“तुझी प्रार्थना रविवारी करू. पाणी तापवलंय का?”

तापवलेलं होतं. मी पोराला दुलईसकट कुंडातून उचललं. एका हाताने ऊन, एका हाताने गार, अशी पाण्याची धार त्यांनी कुंडात क्रूसासारखी मिसळली. इतकी मोठी माणसं जमली होती, पण माझं लक्ष त्या वाफेकडे होतं, फार तर नाही ना कढत. मी मध्येच कोपर बुडवून बघितलं आणि अबुनांनी मंत्र न थांबवता माझा हात बाजूला केला. मग त्यांनी पोराला दोन्ही हातांवर घेतलं आणि अम्मोंना विचारलं, “नाव?”

अम्मो म्हणाले, “मल्के.”

आजोबांचं नाव. या पोरासाठी कुणीही अजून मोठ्याने उच्चारलेलं नाही असं नाव, आणि पाण्याखालून वर येताना पोराने असा काही टाहो फोडला की बाहेर रमो म्हणाला, “घ्या, याला कोण दिसेनासा करतंय.” त्याने ते पत्रक वाचलं होतं तर. माझ्या हातात मल्के आला तो तेलाने निसटता आणि तांबडालाल. नखंसुद्धा तांबडी. मी नावाने हाक मारली. मग पुन्हा मारली. यादे म्हणाली, पुरे, झिजेल.

आयला हानम दाराशी डोक्यावर रुमाल घेऊन उभी होती. सगळं झाल्यावर ती माझ्याकडे आली.

“कुंड वापरात आहे असं मी लिहीन,” ती म्हणाली. “आज आम्ही रिकामे जाऊ. पण मी एकटी ठरवत नाही. पुढच्या वर्षी पुन्हा पाहणी होईल. तेव्हा हे असंच दिसलं पाहिजे.”

“असंच म्हणजे?”

“गालिचे. दिवा. माणसं.” आणि मग जरा अडखळत, “मी एक फोटो घेऊ का? बाळाचा, कुंडाशी. दालनात लावू. तुम्ही आहात हे लोकांना दिसेल.”

तिने हे चांगल्या मनाने विचारलं, हे मला दिसत होतं. “नाही,” मी म्हटलं. “तुमच्या मातीच्या पुतळ्यांच्या रांगेत माझं पोर मी उभं करणार नाही. लोकांना आम्ही दिसायला हवे असू तर रस्ता आहे, गाडीही येते. त्यांनी यावं.”

ट्रक गेला. यादेने जाता जाता रमोच्या माणसांना भाकऱ्यांत गुंडाळून चीज दिलंच. आयलालाही दिलं. मी तोंड फिरवलं.

त्याच दुपारी चर्चच्या अंगणात पुरुष बसले आणि ठराव झाला. बाजूने बायका ऐकत होत्या. पुढच्या तोडणीपासून काही न्यायचं नाही. गालिचे इथेच राहतील, पडदा इथेच, दिवा चोवीस तास जळता. मळ्यात अबुना नुसत्या मातीवर उभे राहून प्रार्थना घेतील. आणि एका घराने मागे राहायचं, दार उघडं ठेवून, कुणी बघायला आलं तर दिसावं म्हणून.

“म्हणजे ओकच्या झाडाखाली काहीच नाही जायचं?” एका म्हातारीने विचारलं.

“काही नाही.”

“ग्रंथ पण नाही?”

“नाही म्हटलं ना.”

हातातली जपमाळ म्हातारीने खिशात टाकली आणि उठून गेली. कुणी तिला थांबवलं नाही. सगळे खाली बघत होते, जिंकलेली माणसं बघतात तसं नव्हे.

माझ्या मनात तेव्हा काय उसळलं ते मला अजून धड सांगता येत नाही. कुंड राहिलं, हे खरं. पण ज्या रितीने आमची माणसं द्राक्षांमागे गेली आणि संताला सोबत घेऊन गेली, त्या रितीचा दोष काय होता? एवढाच, की ती परक्याला बघताक्षणी कळत नव्हती. आता आमच्याच घरात आम्ही राहतो हे दिसावं म्हणून दर वर्षी मांडामांड करून बसायचं. पुतळेच व्हायचं, फक्त मातीचे नाही.

मी हे बोलले. सगळं नाही, पण बरंच. अबुनांनी ऐकून घेतलं आणि म्हणाले, “मग काय करू, फब्रो? तू सांग.”

मला सांगता आलं नाही. त्याचा राग सगळ्यांत जास्त.

अम्मो गेव्रीये उठले आणि त्यांनी चर्चची लोखंडी किल्ली माझ्यासमोर धरली. “तू राहा मागे,” ते म्हणाले. “तुला त्यांची भाषा येते. बोलताही येतं, ते आज कळलं. आणि मल्के तोवर रांगता असेल, उन्हात मळ्यात कुठे नेशील त्याला.”

अदायने माझ्याकडे पाहिलं. त्याला ठाऊक होतं, तोडणी मला किती आवडते ते. कढईभोवतीची गाणी, बोटांना चिकटणारा पाक, वर्षभराच्या गप्पा. लग्न होऊन या गावात आले ती अर्धी त्यासाठीच.

मल्के माझ्या खांद्यावर झोपला होता. त्याच्या टाळूला तेलाचा वास येत होता, ते अजून पुसायचं नव्हतं. मी किल्ली घेतली. अम्मोंना म्हटलं, “एक वर्ष. पुढच्या वेळी तुम्ही राहायचं. धर्मपिता आहात.”

त्यांनी चष्मा काढला आणि पुसायला घेतला. यादे म्हणाली, “वारं सुटलंय, पोराला आत घे.”